सामुदायिक मधुमेह प्रतिबंध व उपचार (चेंबूर परिसर)

सामुदायिक मधुमेह प्रतिबंध व उपचार म्हणजे मधुमेहाचा धोका असलेल्या व मधुमेह झालेल्या व्यक्तींना त्यांच्या वस्तीत जाऊन शोधणे, जवळच्या दवाखान्यात त्यांच्यावर नियमित उपचार करणे आणि आहार, व्यायाम व सवयी यांत बदल घडवून रोगाला आळा घालणे यांसाठी केलेली संघटित व्यवस्था होय. रुग्णाने आजारी पडल्यावर रुग्णालयात यावे, या पद्धतीपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. मधुमेह बहुधा अनेक वर्षे लक्षणांवाचून शरीरात राहतो आणि रुग्ण स्वतःहून येईपर्यंत डोळे, मूत्रपिंडे, हृदय किंवा पायांच्या नसा यांना इजा झालेली असू शकते. हे लक्षात घेऊन ही व्यवस्था उभारण्यात आली आहे.

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील चेंबूर व त्यालगतचा देवनार, गोवंडी, मानखुर्द, माहूल आणि अणुशक्तीनगर हा परिसर बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एम पश्चिम व एम पूर्व या दोन विभागांत मोडतो. येथील मधुमेहविषयक कार्य राष्ट्रीय कार्यक्रम, महानगरपालिकेचे दवाखाने व रुग्णालये, औद्योगिक व शासकीय आस्थापनांच्या आरोग्य योजना आणि स्वयंसेवी प्रयत्न अशा चार प्रवाहांतून चालते.

संकल्पना

सार्वजनिक आरोग्यशास्त्रात प्रतिबंधाचे तीन स्तर मानले जातात. प्राथमिक प्रतिबंधात निरोगी किंवा पूर्व-मधुमेही व्यक्तीला मधुमेह होऊ नये, असा प्रयत्न असतो. दुय्यम प्रतिबंधात रोग लवकर ओळखून उपचार सुरू केले जातात. तृतीयक प्रतिबंधात रोगातून उद्भवणारे अंधत्व, मूत्रपिंड निकामी होणे, पायाची जखम चिघळून अवयव गमावणे यांसारखे परिणाम टाळले जातात. सामुदायिक कार्यक्रमात हे तिन्ही स्तर एकाच वेळी हाताळावे लागतात, कारण एकाच चाळीत निरोगी तरुण, निदान न झालेला प्रौढ आणि पायाला जखम झालेला जुना रुग्ण शेजारी शेजारी राहत असतात.

उपाशीपोटी रक्तशर्करा दर डेसिलीटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते. लक्षणे नसतील, तर निदान पक्के करण्यापूर्वी चाचणी पुन्हा करणे आवश्यक मानले जाते. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर केलेली तपासणी ही चाळणी तपासणी असते. तिच्यावरून संशय घेता येतो. निदानासाठी प्रयोगशाळेतील तपासणी करावी लागते.

परिसर

चेंबूरची लोकवस्ती संमिश्र आहे. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे चेंबूर कॅम्प येथे स्थायिक झाली. छेडानगर व आसपास दाक्षिणात्य कुटुंबांची मोठी वस्ती आहे. टिळकनगरसारख्या वसाहतींत मराठी मध्यमवर्ग आहे, तर सिद्धार्थ कॉलनी, लाल डोंगर, वाशी नाका येथे श्रमिक वस्त्या आहेत. दक्षिणेला माहूल येथे तेलशुद्धीकरण कारखाने आणि जवळच राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना आहे. पूर्वेकडील एम पूर्व विभागात गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द या दाट वस्त्या आणि देवनारची कचराभूमी येते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत एम पूर्व विभागाचा मानव विकास निर्देशांक सर्वांत कमी होता. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने (देवनार) २०११ मध्ये या विभागासाठी एम वॉर्ड परिवर्तन प्रकल्प हाती घेतला.

आर्थिक स्तरांतील या अंतराचा मधुमेहाच्या स्वरूपावरही परिणाम होतो. मध्यमवर्गीय वसाहतींत बैठी कामे, वाढलेले सरासरी वय व स्थूलता हे धोक्याचे घटक ठळक असतात. श्रमिक वस्त्यांत अनियमित जेवण, स्वस्त तळलेले पदार्थ, गोड चहा, तंबाखू, अपुरी झोप आणि फिरण्यासाठी मोकळ्या जागेचा अभाव हे घटक एकत्र येतात. कष्टाचे काम करणाऱ्याला मधुमेह होत नाही, हा समज शहरी वस्त्यांत टिकत नाही.

प्रादुर्भाव

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यातील निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आणि पूर्व-मधुमेहाचे १२.८ टक्के होते. राज्यात सुमारे ६० लाख मधुमेही व ९२ लाख पूर्व-मधुमेही असावेत, असा अंदाज त्यात मांडला होता. देशातील सर्व राज्यांचा समावेश असलेले निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत राष्ट्रीय प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख पूर्व-मधुमेही असा अंदाज आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले.

मुंबईसाठी महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीनुसार २०२१ मध्ये १८ ते ६९ वयोगटातील नागरिकांचे सर्वेक्षण केले. त्यात सुमारे १८ टक्के व्यक्तींची उपाशीपोटी रक्तशर्करा वाढलेली, तर सुमारे ३४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला. सुमारे ९४ टक्के लोक फळे व भाज्या पुरेशा प्रमाणात खात नव्हते. मिठाचे सरासरी दैनिक सेवन सुमारे ८.६ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा ५ ग्रॅम आहे.

देशाच्या आरोग्यविषयक आकडेवारीशी या परिसराचा आणखी एक संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची समन्वयक संस्था असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देवनार येथे आहे. २०१५-१६ च्या चौथ्या सर्वेक्षणात पहिल्यांदाच घरोघरी रक्तशर्करा मोजण्यात आली. त्यामुळे मधुमेहाची जिल्हानिहाय तुलना शक्य झाली.

इतिहास

मुंबईत मधुमेहींच्या संघटित शिक्षणाची परंपरा जुनी आहे. डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. डॉ. एस. एस. आजगावकर यांनी या क्षेत्रात पायाभूत काम केले. माहीम येथील रहेजा रुग्णालय याच कार्यातून मधुमेहाच्या विशेष उपचारांचे केंद्र म्हणून पुढे आले. त्या काळातील भर मुख्यतः रुग्णशिक्षण, आहारसल्ला आणि तज्ज्ञांकडील उपचारांवर होता.

महानगरपालिकेची वस्तीपातळीवरील आरोग्य केंद्रे प्रामुख्याने कुटुंबनियोजन, लसीकरण व माता-बाल आरोग्यासाठी उभी राहिली. तेथील आरोग्यसेविका घरोघर जात, परंतु प्रौढांच्या दीर्घकालीन आजारांची नोंद त्यांच्या वहीत नसे. केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात २१ राज्यांतील १०० जिल्हे त्यात होते. पुढे ३० वर्षे व त्यावरील सर्व व्यक्तींची चाळणी तपासणी करण्याचे धोरण आले. २०२३ मध्ये कार्यक्रमाचे नाव ‘राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम’ असे करण्यात आले.

कोविड-१९ च्या साथीने मधुमेहाकडे नव्याने लक्ष वेधले. मधुमेहींमध्ये कोविडची गुंतागुंत अधिक आढळत होती. १५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. तिच्यात आरोग्य पथकांनी घरोघर जाऊन तापमान व ऑक्सिजन पातळी मोजली आणि घरातील व्यक्तींच्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या सहव्याधींची चौकशी केली. २०२१ मधील म्युकरमायकोसिसच्या लाटेत अनियंत्रित रक्तशर्करा हा प्रमुख धोक्याचा घटक ठरला. त्यानंतर राज्यात २०२२ मध्ये अठरा वर्षांवरील महिलांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आणि २०२३ मध्ये अठरा वर्षांवरील पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ या तपासणी मोहिमा राबविण्यात आल्या.

यंत्रणा व कार्यपद्धती

वस्तीपातळीवर कामाची सुरुवात आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविका यांच्या गृहभेटीने होते. ३० वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी ‘सी-बॅक’ नावाची प्रश्नावली भरली जाते. वय, तंबाखू, मद्यपान, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कुटुंबातील आजार यांना गुण दिले जातात. गुण चारपेक्षा अधिक असल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य मिळते. चेन्नई येथे विकसित झालेला ‘भारतीय मधुमेह धोका निर्देशांक’ हेही असेच साधन आहे. वय, कंबरेचा घेर, हालचाल व आनुवंशिकता या चार बाबींवर त्यात १०० पैकी गुण दिले जातात आणि ६० किंवा अधिक गुण म्हणजे मोठा धोका मानला जातो. या साधनांना रक्ताचा थेंबही लागत नाही. टेप, वही आणि प्रशिक्षित कार्यकर्ती एवढ्यावर काम चालते.

संशयित व्यक्तीला महानगरपालिकेच्या जवळच्या दवाखान्यात पाठविले जाते. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ ही योजना सुरू झाली. तेथे तपासणी व औषधे विनामूल्य असून १४७ प्रकारच्या चाचण्यांची सोय आहे. यांतील बरेच दवाखाने सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० या वेळांत चालतात. रोजंदारीवरील कामगाराला दिवसाची मजुरी न बुडविता तपासणीस येता यावे, या दृष्टीने सायंकाळची वेळ महत्त्वाची आहे. महानगरपालिकेच्या रुग्णालयांत २०२२ पासून ‘एनसीडी कॉर्नर’ या नावाने ओळखले जाणारे तपासणी कक्ष सुरू झाले. कोणत्याही कारणाने रुग्णालयात आलेल्या ३० वर्षांवरील व्यक्तीचा रक्तदाब व रक्तशर्करा तेथे तपासली जाते.

अधिक उपचारांची गरज असल्यास चेंबूरमधील माँ रुग्णालय, गोवंडीतील पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय, घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय ही महानगरपालिकेची रुग्णालये उपलब्ध आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे कर्मचारी, निवृत्त कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी अंशदायी आरोग्य सेवा योजना असून तिचे रुग्णालय अणुशक्तीनगर येथे आहे. अशा योजनेत संपूर्ण कुटुंब नोंदलेले असते व त्याचे वैद्यकीय टिपण एका ठिकाणी राहते. दीर्घकालीन आजारात हे उपयुक्त ठरते. खुल्या वस्तीतील कार्यक्रमाला नेमकी हीच गोष्ट साधणे अवघड जाते.

नोंदणी झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यात पुढील बाबी अपेक्षित असतात :

• दर भेटीत रक्तदाब, वजन व रक्तशर्करा यांची नोंद
• दर तीन ते सहा महिन्यांनी शक्य असल्यास एचबीए१सी
• वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी
• वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन
• पायांची संवेदना, जखमा व नखे यांची पाहणी

उपचारांची सुरुवात सहसा मेटफॉर्मिन या स्वस्त औषधाने होते. आवश्यकतेनुसार ग्लिमेपिराइडसारखी औषधे किंवा इन्सुलिन दिले जाते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या शीतकपाटात ठेवाव्या लागतात. शीतकपाट नसलेल्या घरांत वापरातील बाटली पाण्यात बुडणार नाही अशा बेताने मातीच्या माठात किंवा ओलसर मडक्यात ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ती बर्फात ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

आहार व जीवनशैली

आहारसल्ला त्या त्या घरच्या स्वयंपाकाला धरून असेल तरच पाळला जातो. चेंबूरमध्ये हे विशेष जाणवते. वरण-भात व पोळी, इडली-डोसा, दाल-पक्वान, बिर्याणी आणि वडापाव हे पदार्थ येथे थोड्याच अंतरावर मिळतात. त्यामुळे छापील आहारतक्त्याऐवजी ताटाची विभागणी समजावून सांगण्याची पद्धत सोयीची ठरते. निम्मे ताट पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेले पाव ताट भात, पोळी किंवा भाकरी अशी ही विभागणी आहे. ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या भाकरीत तंतू अधिक असतात. तरीही त्यांत पिष्ट असतेच, म्हणून प्रमाण पाळावे लागते. मध व गूळ साखरेइतकेच रक्तशर्करा वाढवितात.

धार्मिक उपवास हा सल्ल्याचा स्वतंत्र विषय आहे. नवरात्र, श्रावण किंवा एकादशीच्या उपवासात साबुदाणा, बटाटा व रताळे खाल्ल्याने शर्करा वाढते. रमजानच्या रोजांत दीर्घकाळ उपाशी राहिल्याने काही औषधांमुळे शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी औषधाची मात्रा व वेळ आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. उपवास ‘करू नका’ एवढे सांगून थांबणाऱ्या कार्यक्रमाला रुग्ण उपवासाची माहितीच देत नाहीत, असा धोका राहतो.

प्रौढांसाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस आहे. डायमंड गार्डनसारखी उद्याने चेंबूरच्या मध्यवस्तीत सकाळी फिरायला उपयोगी पडतात. दाट वस्त्यांत, विशेषतः स्त्रियांना, अशी सुरक्षित जागा सहज मिळत नाही. त्यामुळे समाजमंदिर, शाळेचे पटांगण किंवा बुद्धविहार येथे गटाने योग व व्यायाम करण्याचा मार्ग सुचविला जातो.

गरोदरपणातील मधुमेह

गरोदरपणात प्रथमच आढळणारा मधुमेह पुढील पिढीच्या आरोग्याशी जोडलेला आहे. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तशर्करा मोजतात. ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास निदान केले जाते. या चाचणीसाठी उपाशीपोटी यावे लागत नाही. अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक असल्याने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आवश्यक असते. प्रत्यक्षात बाळाच्या लसीकरणासाठी आई दवाखान्यात येते, पण तिची स्वतःची तपासणी राहून जाऊ शकते. दोन्ही भेटी एकत्र करणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

पुणे येथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा दीर्घ अभ्यास केला. भारतीय नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यातून पुढे आले. कमी वजनाची दिसणारी भारतीय व्यक्ती मधुमेहाच्या धोक्यापासून मुक्त नसते, हा विचार या संशोधनाने दृढ केला.

क्षयरोग व मधुमेह

मधुमेहामुळे क्षयरोग होण्याची शक्यता दोन ते तीन पटींनी वाढते आणि क्षयरोगामुळे रक्तशर्करा नियंत्रणात ठेवणे कठीण होते. एम पूर्व विभागात क्षयरोगाचा भार मोठा असल्याने ही जोडी येथे महत्त्वाची आहे. केंद्र शासनाने २०१७ मध्ये दोन्ही कार्यक्रमांच्या समन्वयाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रत्येक क्षयरुग्णाची रक्तशर्करा तपासणे आणि मधुमेहींमध्ये क्षयरोगाच्या लक्षणांची चौकशी करणे अपेक्षित आहे.

लोकचळवळी

महाराष्ट्रात मधुमेह प्रतिबंधाच्या प्रसारात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या अभियानाला मोठा प्रतिसाद मिळाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेल्या या पद्धतीत दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे व मध्ये काही खाऊ नये, असे सांगितले जाते. कोणताही खर्च नसणे आणि नियम लक्षात ठेवण्यास सोपे असणे ही तिच्या लोकप्रियतेची कारणे होत. थोड्या थोड्या वेळाने खावे असे मानणाऱ्या आहारतज्ज्ञांनी तिच्यावर टीका केली आहे. इन्सुलिन किंवा शर्करा उतरविणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने, तसेच गर्भवतीने, वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा बदल करणे धोक्याचे ठरू शकते.

परिणामकारकता

जीवनशैलीतील बदलाने मधुमेह टाळता किंवा लांबविता येतो, याचा भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) हा धोका ५८ टक्क्यांनी घटला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००६) ५३१ पूर्व-मधुमेही व्यक्तींमध्ये केवळ जीवनशैली बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी, तर केवळ मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही एकत्र केल्याने अधिक लाभ झाला नाही.

केरळमधील सामुदायिक प्रयोगाचे निष्कर्ष (२०१८) वस्तीपातळीवरील कार्यक्रमांसाठी अधिक उद्बोधक आहेत. ६० मतदान केंद्रांच्या क्षेत्रांतील १,००७ व्यक्तींवर केलेल्या या प्रयोगात सामान्य नागरिकांनाच गटप्रमुख म्हणून प्रशिक्षण दिले होते. दोन वर्षांनी गटातील १४.९ टक्के, तर इतरांतील १७.१ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या निर्णायक नव्हता; मात्र एकूण धोका-गुण व फळे-भाज्यांचे सेवन यांत सुधारणा दिसली. काटेकोर वैद्यकीय देखरेखीखाली मिळणारे यश वस्तीत जसेच्या तसे मिळत नाही, हे यातून दिसते.

अडचणी

मधुमेह सापडणे आणि तो नियंत्रणात राहणे यांतील अंतर ही या कार्यक्रमांची मुख्य अडचण आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या विश्लेषणानुसार, निदान झालेल्या मधुमेहींपैकी ३६.३ टक्के व्यक्तींचीच रक्तशर्करा नियंत्रणात होती. रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ही तिन्ही उद्दिष्टे गाठलेले रुग्ण केवळ ७.७ टक्के होते. शिबिरात किती जणांची तपासणी झाली हा आकडा सहज मिळतो. त्यांपैकी किती जण वर्षभरानंतरही औषध घेत आहेत, हा आकडा कार्यक्रमाचे खरे मोजमाप ठरतो.

स्थलांतर व पुनर्वसन यांमुळे हा धागा तुटतो. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतील विस्थापित कुटुंबांना माहूल येथे घरे देण्यात आली. अशा स्थलांतरात जुना दवाखाना, ओळखीची आरोग्यसेविका आणि औषधांची चिठ्ठी एकाच वेळी मागे राहतात. गावी जाणारे कामगार दोन-तीन महिने औषधे थांबवितात. शर्करा ‘नॉर्मल’ आल्यावर औषध बंद करणे, हेही उपचार खंडित होण्याचे एक कारण आहे.

खर्चाचा प्रश्नही आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रोजची गोळी व नियमित तपासणी यांचा भार, मोफत पुरवठा खंडित झाल्यास, कुटुंबावरच पडतो. अशा वेळी घरातील स्त्रीचे औषध आधी थांबण्याची शक्यता असते. गृहभेटी करणाऱ्या आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविका मानधनावर काम करतात आणि त्यांच्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणांपर्यंत अनेक कामांचा भार असतो. कार्यक्रमाचे सातत्य त्यांच्या नियमित भेटींवर अवलंबून असल्याने त्यांचे मानधन, प्रशिक्षण व कामाची विभागणी हे मधुमेह नियंत्रणाचेच प्रश्न मानले जातात.

जागतिक मधुमेह दिन

इन्सुलिनच्या शोधातील एक संशोधक फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २००६ मध्ये या दिवसाला मान्यता दिली. भारतात हाच दिवस बालदिन असल्याने शाळांमध्ये आहार, खेळ व शीतपेयांतील साखर यांविषयी माहिती देण्यास तो सोयीचा ठरतो.